तेज दिसते, वस्तुमान मोजावे लागते



कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल बदलापूर सोडते आणि वांगणी स्थानकात येते. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभर चालणारे आकाशदर्शनाचे कार्यक्रम अनेक वर्षे या गावाच्या परिसरात झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कितीतरी कुटुंबांनी शनीची कडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती इथेच. ठाण्याचे पंचांगकर्ते आणि खगोल अभ्यासक दा. कृ. सोमण यांच्यासारख्यांनी लेखणीने आणि वाणीने जी आवड घराघरांत रुजवली, तिला दुर्बिणीची जोड मिळाली ती अशा माळरानांवर.

चैत्र-वैशाखातील अंधाऱ्या रात्री उत्तरेकडे तोंड केले की सप्तर्षी ठळकपणे दिसतात. वसिष्ठ आणि त्याच्याजवळची अरुंधती ओळखण्याची परंपरा विवाहविधीतूनही चालत आलेली आहे. याच तारकासमूहाच्या हद्दीत, लहान दुर्बिणीतून पाहिल्यास, चातीच्या आकाराचा एक अंधूक पट्टा दिसतो. ती ‘एम ८२’ नावाची दीर्घिका. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. डोळ्यांना तिथे फिकट धुरकट डाग दिसतो. पण क्ष-किरणांनी पाहणाऱ्या दुर्बिणीला त्याच जागी दोन प्रखर दिवे दिसतात. त्यांतील एक दिवा, तेजाच्या भरात असताना, चाळीस लाखांहून अधिक सूर्यांइतकी ऊर्जा केवळ क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. या दिव्यामागे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे एका प्रकारे दिले आणि २०१४ साली ते बदलले. ते का बदलावे लागले आणि या शोधयात्रेत भारताचे स्थान कोणते, हाच आजचा विषय आहे.

अंधारातून प्रकाश कसा?

कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मग कृष्णविवरापाशी एवढे तेज येते कोठून? ते तेज कृष्णविवराचे नसते. त्यात पडण्यापूर्वी तापलेल्या द्रव्याचे असते. एखादा तारा आणि कृष्णविवर एकमेकांभोवती फिरत असतील, तर ताऱ्यावरील वायू कृष्णविवराकडे ओढला जातो. तो सरळ आत पडत नाही. नदीच्या भोवऱ्यात पाणी जसे गरगरत खाली जाते, तसा तो फिरत फिरत आत सरकतो आणि त्याची तबकडी तयार होते. तबकडीतील थर एकमेकांवर घासतात, तापतात. आतल्या भागाचे तापमान लक्षावधी अंशांपर्यंत चढले की त्यातून क्ष-किरण बाहेर पडू लागतात.

या प्रक्रियेची ताकद समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. सूर्याच्या गाभ्यात एक किलो हायड्रोजनचे हेलियम होते, तेव्हा त्यातील सुमारे ७ ग्रॅम वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते. तेच एक किलो द्रव्य कृष्णविवरात पडताना, विवर किती वेगाने फिरते त्यानुसार, सुमारे ६० ते ४०० ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा बाहेर पडू शकते. विश्वातील अतिप्रखर दिवे अशा ठिकाणीच पेटतात, ते यामुळे.

क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात. जीवसृष्टीच्या दृष्टीने हे वरदानच. पण खगोलशास्त्रज्ञाला त्यासाठी वातावरणाच्या वर जावे लागते. जून १९६२मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणातून उपकरण पाठवले आणि सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत वृश्चिक राशीत सापडला. जियाकोनी यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६४मध्ये हंस तारकासमूहात ‘सिग्नस एक्स-१’ हा स्रोत आढळला. तो पुढे कृष्णविवराचा पहिला सबळ दावेदार ठरला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट आहे.

दारातली गर्दी आणि एडिंग्टनची मर्यादा

१९७८ साली अमेरिकेने सोडलेल्या ‘आइन्स्टाइन’ वेधशाळेने इतर दीर्घिकांकडे पाहिले, तेव्हा एक कोडे उभे राहिले. काही दीर्घिकांत, केंद्रापासून दूर, असे स्रोत आढळले की प्रत्येकाचे तेज अडीच लाख सूर्यांच्या पुढे. यांनाच आता अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत म्हणतात. आज अशा संभाव्य स्रोतांची संख्या सुमारे १,८०० झाली आहे.

यात कोडे कोणते, हे सकाळच्या वेळी डोंबिवली स्थानकावर उभ्या राहणाऱ्याला सहज समजेल. लोकल थांबते. चढणारे आत घुसू पाहतात. त्याच दारातून उतरणारे बाहेर येत असतात. उतरणाऱ्यांचा लोंढा एका प्रमाणापलीकडे वाढला की चढणारे मागे रेटले जातात. कृष्णविवराभोवतीही हेच घडते. द्रव्य आत पडते म्हणून प्रकाश निर्माण होतो. पण प्रकाशालाही दाब असतो. प्रकाश फार वाढला तर तो आत येणाऱ्या द्रव्यालाच बाहेर ढकलतो आणि दिव्याचे इंधन तुटते. म्हणून प्रत्येक वस्तूच्या तेजाला एक कमाल मर्यादा असते. सर आर्थर एडिंग्टन यांच्या नावाने ती ओळखली जाते. वस्तुमान जितके जास्त, तितकी ही मर्यादा वर.

यावरून निघणारा निष्कर्ष सरळ होता. एखादा दिवा इतका प्रखर असेल, तर त्यामागचे कृष्णविवरही तितकेच जड असले पाहिजे. ताऱ्याच्या मृत्यूतून जन्मलेली कृष्णविवरे सूर्याच्या काही पटींपासून काही दशकपटींपर्यंत असतात. दीर्घिकांच्या केंद्रातली लाखो-कोटी पटींची. या दोहोंच्या मधली, शेकडो-हजारो सूर्यांच्या वजनाची कृष्णविवरे कोठे आहेत, हा प्रश्न होताच. अतितेजस्वी स्रोत म्हणजे हीच मधली पिढी, असे अनेक संशोधकांना वाटू लागले. तर्कात दोष नव्हता. पण तेज दिसले होते. वस्तुमान कोणी मोजले नव्हते.

एका तासिकेचे फलित

२१ जानेवारी २०१४. लंडन विद्यापीठाच्या मिल हिल येथील वेधशाळेत डॉ. स्टीव्ह फॉसी पदवीच्या चार विद्यार्थ्यांना दुर्बीण हाताळायला शिकवत होते. ढग येऊ लागले होते, म्हणून घाईने त्यांनी एका तेजस्वी दीर्घिकेकडे दुर्बीण वळवली. ती एम ८२ होती. पडद्यावर एक तारा दिसला, जो तिथे असायला नको होता. तो स्फोट पावलेला तारा निघाला. कित्येक वर्षांत इतक्या जवळ या प्रकारचा स्फोट दिसला नव्हता. लगोलग जगभरच्या दुर्बिणी एम ८२कडे वळल्या. २०१२मध्ये अवकाशात गेलेली ‘नूस्टार’ ही क्ष-किरण दुर्बीणही वळली.

त्या निरीक्षणांची छाननी करताना मात्तेओ बाकेत्ती या इटालियन संशोधकाला वेगळेच काही आढळले. एम ८२मधल्या दोन दिव्यांपैकी ‘एक्स-२’ हा नियमित लुकलुकत होता. दर १.३७ सेकंदांनी एक ठोका. अनपेक्षित म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा तपासला. ठोका खरा होता.

या ठोक्याचा अर्थ गंभीर होता. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो. त्यामुळे घड्याळासारखा अचूक ठोका त्याच्याकडून मिळत नाही. असा ठोका देतो तो न्यूट्रॉन तारा. सूर्यापेक्षा थोडे अधिक वस्तुमान. पण व्यास साधारण वीस-बावीस किलोमीटर. लोहमार्गाने ठाणे ते कल्याण जेवढे अंतर आहे, जवळजवळ तेवढ्या गोळ्यात सबंध सूर्य कोंबलेला. त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर द्रव्य कोसळते, तिथे क्ष-किरणांचे झोत तयार होतात आणि तारा स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दीपगृहाच्या दिव्यासारखा झोत ठराविक वेळाने पृथ्वीवरून जातो. ज्याला अवजड कृष्णविवर मानले जात होते, तो सूर्याच्या दीडपट-दुप्पट वस्तुमानाचा तारा निघाला. त्याचे तेज त्याच्यासाठी ठरलेल्या मर्यादेच्या सुमारे शंभरपट होते.

मर्यादा मोडली कशी? पुन्हा डोंबिवली स्थानकाकडेच पाहावे. चढणाऱ्यांसाठी एक दार आणि उतरणाऱ्यांसाठी दुसरे, अशी शिस्त लागली तर त्याच वेळात कितीतरी अधिक माणसे आत-बाहेर करतील. न्यूट्रॉन ताऱ्याचे बलाढ्य चुंबकीय क्षेत्र आत येणारे द्रव्य ध्रुवांकडे वळवते. प्रकाशाला बाजूने निसटायला वाट मिळते. दुसरी शक्यताही मांडली गेली. रेल्वे इंजिनाचा दिवा समोरून पाहणाऱ्याचे डोळे दिपवतो, म्हणून तो सर्व बाजूंना तेवढाच उजळ असतो असे नाही. तसाच हा झोत पृथ्वीच्या दिशेने रोखलेला असेल आणि म्हणून तेजाचा अंदाज फुगला असेल. याचा निवाडा करण्यासाठी बाकेत्ती आणि सहकारी कित्येक वर्षे एक्स-२च्या कक्षेवर लक्ष ठेवून राहिले. तो आपल्या जोडीदाराभोवती अडीच दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. या कालावधीत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून २०२२मध्ये त्यांनी दाखवून दिले की हा तारा दरवर्षी पृथ्वीच्या दीडपट वस्तुमानाएवढे द्रव्य जोडीदाराकडून ओढून घेतो. एवढे इंधन असेल, तर एवढे तेज खरेच असू शकते.

म्हणजे अतितेजस्वी स्रोतांमागे कृष्णविवरे नाहीतच का? तसे अजिबात नाही. त्याच एम ८२मधील ‘एक्स-१’ या शेजारच्या दिव्याच्या जुन्या नोंदी तपासून धीरज पाशम आणि सहकाऱ्यांनी, २०१४ सालीच, तिथे सूर्याच्या सुमारे ४०० पट वस्तुमानाचे कृष्णविवर असावे असा अंदाज मांडला. २००९मध्ये प्रसिद्ध झालेला ‘एचएलएक्स-१’ हा स्रोत तर त्याहून कितीतरी प्रखर असून तिथे हजारो सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे मानले जाते. एकाच दीर्घिकेतले दोन शेजारी दिवे, दिसायला सारखे; एकामागे बहुधा कृष्णविवर, दुसऱ्यामागे न्यूट्रॉन तारा. तेज पाहून जात ठरवता येत नाही. प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते.

फुग्यापासून ॲस्ट्रोसॅटपर्यंत

अशी परीक्षा घेण्याची भारतीय परंपरा कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. डोंबिवलीहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे आणि पुढे बसने नेव्हीनगरला जावे, एवढ्याच अंतरावर. डॉ. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेत डॉ. बी. व्ही. श्रीकंटन यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्ष-किरण खगोलशास्त्राचे काम सुरू झाले. उपग्रह नव्हता, म्हणून हैदराबादहून मोठे फुगे सोडले जात. फुगा वातावरणाच्या विरळ थरात काही तास तरंगायचा. तेवढ्या वेळात मिळेल ती नोंद घ्यायची.

१९ एप्रिल १९७५ रोजी गेलेल्या ‘आर्यभट’ या पहिल्या भारतीय उपग्रहावरही क्ष-किरणांचे उपकरण होते. विद्युतपुरवठ्यातील बिघाडामुळे चार-पाच दिवसांतच प्रयोग थांबले. पुढची मोठी संधी आली ती मार्च १९९६मध्ये, ‘आयआरएस-पी३’ या उपग्रहावरील भारतीय क्ष-किरण प्रयोगाच्या रूपाने. मध्ये एकवीस वर्षे गेली होती. या प्रयोगाने गरुड तारकासमूहातील, म्हणजे श्रवण ज्या समूहात आहे त्यातील, ‘जीआरएस १९१५+१०५’ या कृष्णविवराचा वेध घेतला. तिथून येणारे क्ष-किरण एकाएकी उसळत आणि झपाट्याने मावळत. तापलेले द्रव्य कृष्णविवराच्या सीमेपलीकडे नाहीसे होत असावे, असा अर्थ प्रल्हादचंद्र अग्रवाल, ए. आर. राव, जे. एस. यादव आदी संशोधकांनी लावला. ठोका देणाऱ्या ताऱ्याला पृष्ठभाग असतो; इथे गिळंकृत झालेल्या द्रव्याचा मागमूस उरत नव्हता.

या यशातून ‘ॲस्ट्रोसॅट’ची कल्पना पुढे आली. २००४मध्ये तिला मान्यता मिळाली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३० या प्रक्षेपकाने हा उपग्रह ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत नेला. कामाची अपेक्षित मुदत पाच वर्षे. २०२५मध्ये त्याने दहा वर्षे पूर्ण केली. त्यावरील पाच उपकरणांपैकी तीन क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत टाटा संस्थेचा प्रमुख वाटा आहे. झेनॉन वायूने भरलेली मोठ्या क्षेत्रफळाची गणकयंत्रे, सोन्याचा मुलामा दिलेल्या आरशांची दुर्बीण आणि कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या चकत्यांचा संवेदक, अशी ही उपकरणे. पुण्याची आयुका संस्थाही या कामात सहभागी आहे. मुंबई आयआयटीचे प्रा. वरुण भालेराव यांनी अमेरिकेत पीएच.डी. करताना नूस्टारसाठी याच जातीच्या संवेदकांवर काम केले आणि भारतात परतल्यावर ॲस्ट्रोसॅटच्या संवेदकावर. ज्ञान असे फिरून घरी येते.

नोव्हेंबर २०१९मध्ये ॲस्ट्रोसॅटला अशीच परीक्षेची संधी मिळाली. दक्षिण आकाशातील मॅजेलनच्या दोन मेघांना जोडणाऱ्या सेतूत ‘आरएक्स जे०२०९’ या नावाने ओळखला जाणारा एक स्रोत २६ वर्षांनी पुन्हा उजळला. आकाशाचा हा भाग ठाण्या-कल्याणच्या क्षितिजावर कधीच उगवत नाही. पण अवकाशातील भारतीय डोळ्याला तो दिसला. मुंबई विद्यापीठाच्या परिसरातील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रातील संशोधकांनी आयुकातील सहकाऱ्यांसह या नोंदी तपासल्या. या गटात स्वतः अग्रवालही होते. दर ९.३ सेकंदांनी ठोका मिळत होता. म्हणजे न्यूट्रॉन तारा. आणि त्याचे तेज अतितेजस्वी स्रोतांच्या उंबरठ्यापलीकडचे. आपल्या आकाशगंगेच्या इतक्या जवळ असे स्रोत फार थोडे सापडले आहेत. हा निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. फुग्यांच्या काळात ज्यांनी उमेदवारी केली, त्यांनीच उपग्रहाच्या नोंदीवर हा निवाडा दिला. अर्धशतकाची ही साधना आहे.

मुंबई बंदरातून निघालेला तरुण

या विषयात दोन मर्यादांची नावे जोडीने येतात. एक एडिंग्टन यांची. दुसरी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची. ३१ जुलै १९३० रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, चंद्रशेखर मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले. त्या प्रवासात केलेल्या गणितातून निघाले की श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते. त्यापलीकडचा तारा आकुंचन पावतच जाईल; न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांची वाट इथूनच सुरू होते. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडले, तेव्हा एडिंग्टन यांनीच ते भर सभेत हास्यास्पद ठरवले. एडिंग्टन यांचा अधिकार एवढा मोठा होता की त्या सभेत कोणी तरुणाची बाजू घेतली नाही.

चंद्रशेखर यांनी कटुता धरली नाही आणि गणितही सोडले नाही. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९९मध्ये अवकाशात गेलेल्या क्ष-किरण वेधशाळेला त्यांच्या नावावरून ‘चंद्रा’ म्हणतात. विशेष म्हणजे त्यांनी एडिंग्टन यांच्यावर दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने आली, त्यांत त्यांचा गौरव त्या काळातील सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकतज्ज्ञ असाच केला आहे. व्यक्तीचा मान राखावा. पण निर्णय पुराव्याने व्हावा, हे त्यांनी आचरणातून दाखवले. एडिंग्टन यांच्या नावाची मर्यादा शंभरपटीने ओलांडणारा एक्स-२ हा तारा ज्या जातीचा आहे, तिचे अस्तित्व चंद्रशेखर यांच्या गणिताने सूचित केले होते, हा योगायोग मनोज्ञ आहे.

घराघरांतील वेधशाळा

शेवटी प्रश्न उरतो तो इथल्या घरांचा. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर उभे राहून वर पाहिले, तर दिव्यांच्या झगमगाटात सप्तर्षींतले सातही तारे मोजता येतीलच असे नाही. आकाश झाकले गेले, म्हणून खगोलशास्त्र आपल्यासाठी संपले, असे मात्र समजू नये. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी सप्टेंबर २०१८पासून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. चंद्रा आणि नूस्टारच्याही नोंदी खुल्या आहेत. एक्स-१चा अंदाज जुन्या साठवलेल्या नोंदींतूनच निघाला होता. चांगला संगणक, भौतिकशास्त्राची तयारी आणि चिकाटी असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला कल्याणच्या दोन खोल्यांच्या घरातही हा वेध घेता येतो.

त्याला अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. बारावीचा निकाल लागतो, मुलगा किंवा मुलगी भौतिकशास्त्र शिकण्याची इच्छा बोलून दाखवते आणि घरात शांतता पसरते. आई-वडिलांची काळजी खोटी नसते. घराचे हप्ते असतात, मूलभूत विज्ञानात जागा मोजक्या असतात, स्थैर्य उशिरा येते. हे सर्व सांगूनच निर्णय घ्यायला हवा. पण त्या वेळी दुसरी बाजूही तराजूत घातली पाहिजे. आर्यभटावरील प्रयोग चार-पाच दिवसांत थांबला, तेव्हा त्या संशोधकांनी विषय सोडून दिला असता, तर ॲस्ट्रोसॅट झाला नसता. राष्ट्राचे सामर्थ्य उपग्रहाच्या उड्डाणाच्या दिवशी टाळ्यांत दिसते. ते घडते मात्र त्याआधीच्या वीस वर्षांत, कोणाचे लक्ष नसताना. त्या वीस वर्षांसाठी माणसे लागतात आणि ती अशाच घरांतून येतात.

माणसाच्या कर्तृत्वालाही हा विषय एक कसोटी देऊन जातो. झगमगाट पाहून मोठेपणा ठरवला की फसगत होते. दिव्यामागे काय आहे, हे ठोका मोजून, कक्षा तपासून, वर्षानुवर्षे वाट पाहूनच कळते. आणि उत्तर बदलले, तर ते मोकळेपणाने स्वीकारावे लागते. पुढच्या चैत्रात वांगणीच्या बाजूला जाण्याचा योग आला, तर सप्तर्षींच्या परिसरातला तो फिकट डाग मुलांना अवश्य दाखवावा. त्यामागचे उत्तर लगेच सांगू नये. ते त्यांनाच विचारू द्यावे.